साखर कारखान्यांचं सॉफ्टवेअर: क्लाउडवरच वाढवत न्यायचं, की स्वतःचे सर्व्हर घ्यायचे?

काटापावती (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमची सहा जणांची कंपनी आहे, कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीच्या बाजूला. अकरा वर्षं साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतोय. ऊस नोंद, तोडणी कार्यक्रम, वजनकाटा, तोडणी-वाहतूक बिलं, शेतकऱ्यांची पंधरवडा बिलं, सगळं. सध्या नऊ कारखाने आहेत.

आधी प्रत्येक कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागात एकेक सर्व्हर होता. २०२१ च्या हंगामाला शेतकऱ्यांसाठी मोबाइल अ‍ॅप काढलं आणि नवाच्या नवांचा डेटा क्लाउडवर आणला, मुंबईच्या डेटासेंटरमध्ये. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरचा एकच डेटाबेस, समोर तीन अ‍ॅप सर्व्हर. काटासुद्धा तिथूनच चालतो. म्हणजे काट्यावरचा क्लार्क ब्राउझर उघडून भरलेल्या गाडीचं वजन घेतो, गव्हाणीत ऊस खाली करून गाडी परत आली की मोकळीचं घेतो, आणि पावती फाडतो.

आता दुखणं सांगतो. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे हा कायदा, त्यामुळे बहुतेक कारखान्यांची बिलं पंधरवड्याच्या मागेपुढे एकाच दोन-तीन दिवसांत पडतात. बिल जमा झालं की संध्याकाळी सहाला आम्ही एसएमएस सोडतो. मोठ्या कारखान्याचे एका झटक्यात २४ हजार. मेसेज वाजला की जो तो अ‍ॅप उघडतो. पहिली पस्तीस-चाळीस मिनिटं एकदम छान चालतं. मग पावणेसातच्या सुमारास सगळं बसतं. अ‍ॅप फिरतच राहतं, आणि त्याच डेटाबेसवर काटा असल्यामुळे काट्यावर पावती निघेना. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, ड्रायव्हरांच्या शिव्या, शेतकी अधिकाऱ्यांचा फोन मला. रात्री दहानंतर आपोआप सुटतं. सकाळी बघावं तर काहीच झालं नाही असं.

आम्ही डेटाबेसचं मशीन ८ कोअरचं १६ केलं. फरक शून्य. अ‍ॅप सर्व्हर तीनाचे सहा केले, तर उलट लवकर बसायला लागलं. बिल मात्र महिना १ लाख १० हजारावरून १ लाख ९० हजारावर गेलं.

त्यात एका कारखान्याचे चेअरमन म्हणतात, "दर महिन्याला भाडं कशाला भरता? आमचा को-जनचा, म्हणजे उसाच्या चोथ्यावर वीज करणारा, प्लांट आहे, वीज घरची, खोली आम्ही देतो, दोन सर्व्हर घेऊन टाका." कोटेशन मागवलं: दोन सर्व्हर, स्टोरेज, यूपीएस मिळून १९ लाख. पार्टनर म्हणतो घेऊया, एकदाच खर्च. मला भीती वाटते, पण नेमकी कशाची ते त्याला सांगता येत नाही. यातून गेलेलं कुणी आहे का?

पॉडमास्तर

सर, २०२१ मध्ये मायग्रेट केलं म्हणजे नुसतं उचलून ठेवलंय, क्लाउडचा फायदा घेतलेलाच नाही. कुबरनेटिस (प्रोग्राम अनेक मशीनवर वाटून चालवणारी यंत्रणा) लावा, प्रत्येक मॉड्यूलची वेगळी सर्व्हिस करा (काटा सर्व्हिस, बिल सर्व्हिस, एसएमएस सर्व्हिस), ऑटोस्केलिंग चालू करा. लोड आला की पॉड (प्रोग्रामच्या चालू प्रती) वाढतील, गेला की कमी होतील. स्वतःचा सर्व्हर घेण्याचा विचार तर २०१० सालचा आहे. हिंजवडीत आमच्याकडे असंच आहे, ४० सर्व्हिसेस, कधी डोकं दुखत नाही.

गव्हाणीवरचा

पॉडमास्तर, त्यांच्याकडे सहा माणसं आहेत. चाळीस सर्व्हिसेस सांभाळायला तुमच्याकडे किती आहेत, तेही लिहा की.

काटापावती, मी सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्यात चौदा वर्षं ईडीपीला होतो, त्यातली नऊ रात्रपाळीत. आता दुसऱ्या धंद्यात आहे, पण सर्व्हरच बघतो. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी तुमचं काम किती मोठं आहे ते मोजू. दिवसाला साडेसात हजार टन गाळणारा कारखाना धरा. ट्रक, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, टायरची बैलगाडी असं सगळं मिसळून सरासरी अकरा-बारा टनांची खेप पडते. म्हणजे दिवसाला साडेसहाशेच्या आसपास गाड्या. प्रत्येकीची दोन वजनं, तेराशे नोंदी. चोवीस तासांत तेराशे! मिनिटाला एकसुद्धा नाही. नऊ कारखाने मिळून बारा हजार. एवढं काम माझ्या पोरीचा कॉलेजचा लॅपटॉप करेल आणि वर सिनेमा दाखवेल. तेव्हा काट्यासाठी क्लाउड पुरतो का सर्व्हर पुरतो, हा प्रश्नच नाही. काट्याला ताकद लागत नाही, काट्याला *थांबायचं नाही* एवढंच लागतं. या दोन वेगळ्या गरजा तुम्ही एका डेटाबेसवर बांधल्यात, तिथे पहिली गाठ बसली.

दुसरं म्हणजे ते पस्तीस मिनिटांचं. हे वाचल्यावर मी उठून बसलो. लोडनं बसणारी यंत्रणा लोड आला की बसते. ही घड्याळ लावून पस्तीस मिनिटांनी बसते म्हणजे काहीतरी *शिल्लक* संपतेय. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर असाल तर डेटाबेसच्या डिस्कचा प्रकार जीपी२ (त्यांचा जुना प्रकार) आहे का बघा, आणि साइज किती ते सांगा. जीपी२ चा नियम असा: डिस्क जितक्या जीबीची, त्याच्या तिप्पट आयओपीएस (सेकंदाला डिस्कवरच्या वाचण्या-लिहिण्याच्या खेपा) कायमचे तुमचे. त्याहून जास्त हवे असले की ३,००० पर्यंत मिळतात, पण ते साठवलेल्या क्रेडिटमधून. भरलेल्या टाकीत क्रेडिट असतात ५४ लाख. समजा डिस्क १५० जीबीची आहे. हक्काचे ४५०. तुम्ही खेचताय ३,०००. सेकंदाला २,५५० शिलकीतून जातात. ५४ लाख भागिले २,५५० म्हणजे २,११७ सेकंद, पस्तीस मिनिटं. त्यानंतर डिस्क ३,००० वरून थेट ४५० वर येते आणि टाकी परत भरायला, अजिबात वापर नसला तरी, तीन तास वीस मिनिटं लागतात. म्हणून रात्री गाव झोपल्यावर सुटतं, म्हणून सकाळी सगळं ठीक दिसतं.

आणि म्हणूनच १६ कोअर करून उपयोग झाला नाही. नळाला पाणी नाही आणि तुम्ही बादल्या वाढवल्यात. अ‍ॅप सर्व्हर सहा केल्यावर तर बादल्या घेऊन भांडणारी माणसंही वाढली, टाकी लवकर रिकामी झाली.

हे डिस्क बनवणाऱ्यांनी लपवलेलं नाही, कागदपत्रांत स्वच्छ लिहिलंय. आपण वाचत नाही. मीही एकदा असाच फसलोय, म्हणून पाठ आहे.

आता चेअरमन साहेबांची खोली. साखर कारखान्यात सर्व्हर ठेवणं म्हणजे काय, हे ज्यानं ठेवलाय त्याला विचारा. हंगामात बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, भुसा हवेतच असतो. आम्ही दर पंधरा दिवसांनी सर्व्हर उघडून ब्लोअर मारायचो, पंख्यांवर साय धरावी तसा थर निघायचा. बॉयलरची काजळी वेगळी. वीज घरची हे खरं, पण टर्बाइन ट्रिप झालं की घरची वीज घरातल्यांना आधी सोडून जाते. रात्री अडीचला सगळं काळोखात, यूपीएस ओरडतोय आणि त्याच्या बॅटऱ्या तीन वर्षांपूर्वीच्या. हंगाम संपला की महावितरणच्या लाइनवर, ती कथा तुम्हाला माहीत आहे.

आणि २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. आमचं ईडीपी तळमजल्यावर. सर्व्हर आम्ही टेबलावर चढवला होता, शहाणपणा! पाणी टेबलाच्या वर चार बोटं. बॅकअपच्या दोन हार्डडिस्क होत्या, त्याच खोलीत, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात. नशीब एवढंच की गाळप बंद होतं. पण नव्या हंगामाची ऊस नोंद, गट नंबरसकट, तीन महिन्यांचं काम त्यात होतं. वाचलं कशामुळे सांगू? आमच्यातला एक पोरगा जुलैमध्ये टेस्टिंगसाठी डेटाबेसची कॉपी पेनड्राइव्हवर घालून इस्लामपूरला घरी घेऊन गेला होता. शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक, आधार, सगळं खिशात. नियमानं त्याला मेमो द्यायला हवा होता. आम्ही पेढे दिले.

तुम्हाला भीती कशाची वाटतेय ते तुमच्या पार्टनरला सांगता येत नाही म्हणालात. मी सांगतो. सर्व्हर कमी पडला तर काय? जानेवारीत कळलं की स्टोरेज अपुरं आहे, तर तीन कोटेशनं, संचालक मंडळाची मीटिंग, खरेदी, माल यायला सहा-आठ आठवडे. हंगाम संपला. क्लाउडवर चुकीचं मशीन घेतलं तर दहा मिनिटांत बदलता येतं. १९ लाखांची चूक पाच वर्षं समोर बसून आपल्याकडे बघते.

तरीही मी "सगळं क्लाउडवर" म्हणणार नाही. काटा क्लाउडवर ठेवलात ही दुसरी चूक. उसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली गेटमधून आत येताना वरची फायबर केबल घेऊन जाते, हे माझ्या डोळ्यांदेखत एका हंगामात तीनदा झालंय. नेट गेलं की काटा बंद, काटा बंद की गव्हाण रिकामी, गव्हाण रिकामी की मिल थांबली. रांगेत ऊस वाळतो, वजन घटतं, नुकसान शेतकऱ्याचं. काट्यावर एक छोटं मशीन ठेवा, तिथेच वजन, तिथेच पावती, आणि नेट असेल तेव्हा मागून वर पाठवा.

आधी डिस्क बघा. बाकी नंतर.

काटापावती

दादा, हात जोडतो. डिस्क जीपी२. साइज १५० जीबी. तुम्ही उदाहरण म्हणून लिहिलंत आणि आकडा तंतोतंत निघाला. ग्राफमध्ये बर्स्ट बॅलन्स नावाची, क्रेडिटची शिल्लक टक्क्यांत दाखवणारी, एक रेघ असते, ती आम्ही चार वर्षांत कधी उघडलीच नव्हती. गेल्या १७ तारखेची उघडली: सहा वाजता १००, सहा छत्तीसला शून्य, रात्रभर हळूहळू वर. पार्टनरला स्क्रीनशॉट पाठवला, त्यानं नुसता डोक्याला हात लावलेला इमोजी पाठवला.

आज दुपारी डिस्क जीपी३ (पुढचा, नवा प्रकार) केली. मशीन बंदसुद्धा करावं लागलं नाही. तिला साइज कितीही असली तरी ३,००० कायमचे, आणि वर जीबीमागे स्वस्त. म्हणजे स्वस्तातली चांगली वस्तू सोडून आम्ही महाग आणि वाईट वापरत होतो, कारण २०२१ मध्ये इंटरनेटवरची जुनी स्क्रिप्ट उचलून चालवली.

पण एक प्रश्न. डेटाबेस ९० जीबी झालाय. रोजच्या बारा हजार नोंदी गुणिले हंगामाचे १३० दिवस धरले तरी एवढा कसा?

स्लोक्वेरी

पोस्टग्रेस बघते मी, पुण्यात, म्हणून तोंड घालते.

डिस्क बदलली ते बरं केलंत, पण ३,००० आयओपीएस कशाला लागतात हा प्रश्न कुणीच विचारला नाही. २४ हजार माणसांना "तुमचे ४१,३०० रुपये जमा" एवढं दाखवायला डिस्कला हात लागायलाच नको. तुमचा डेटा मेमरीत मावायला हवा. एक अंदाज करते: काट्यावर कॅमेरा आहे, आणि गाडीचा फोटो तुम्ही डेटाबेसच्या टेबलातच ठेवता. बरोबर?

काटापावती

बरोबर, ताई. वजनात घोळ झाल्याच्या तक्रारी नकोत म्हणून प्रत्येक पावतीला फोटो, साधारण ११० केबीचा. पावतीच्या ओळीतच एका रकान्यात.

स्लोक्वेरी

मग हिशेब जुळला. रोज ६५० गाड्या, नऊ कारखाने, १३० दिवस म्हणजे हंगामाला ७ लाख ६० हजार पावत्या. गुणिले ११० केबी म्हणजे ८४ जीबी. ९० मधले ८४ फोटो आहेत, तुमचा खरा डेटा सहा जीबी! आणि मागचे हंगाम कुठे गेले? दरवर्षी पुसता की काय?

आता अ‍ॅपचं पहिलं पान उघडताना चालणारी क्वेरी बघा. मी पैज लावते, ती "सिलेक्ट स्टार", म्हणजे सगळेच्या सगळे रकाने मागणारी, असणार. शेतकऱ्याच्या हंगामातल्या वीस पावत्या, वीस फोटोंसकट, डिस्कवरून उचलायच्या, अ‍ॅप सर्व्हरपर्यंत आणायच्या, तिथे वजनांची बेरीज करायची आणि फोटो टाकून द्यायचे. माणशी दोन एमबी वाचून एक आकडा दाखवायचा. फोटो ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (क्लाउडवरच्या फायलींच्या वेगळ्या कोठारात) टाका, टेबलात फक्त त्याचा पत्ता ठेवा. क्वेरीत लागतील तेवढेच रकाने मागा. शेतकरी कोड आणि हंगाम यांवर मिळून एक इंडेक्स (पटकन शोधायची सूची) टाका. सहा जीबी आणि ३२ जीबीची मेमरी, डिस्क झोपा काढेल.

अजून एक. सहा अ‍ॅप सर्व्हर म्हणालात, प्रत्येकाचा कनेक्शन पूल (डेटाबेसशी एका वेळी उघडी ठेवलेली कनेक्शन) किती? पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही एक स्वतंत्र प्रोसेस असते. मुळातली मर्यादा १०० ची. लोक ती वाढवून ५०० करतात आणि मग १६ कोअरवर ५०० जण धक्काबुक्की करतात. मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शन रांगेत लावणारा छोटा प्रोग्राम) बसवा, मागे तीस-चाळीस कनेक्शन पुरतात. ज्याला थांबायचं तो बाहेर ओळीत थांबेल, आत गर्दी नको. रेशन दुकानाची रांग डोळ्यासमोर आणा.

पॉडमास्तर

मान्य, कुबरनेटिसनं हे सुटलं नसतं. पॉड वाढले असते आणि डिस्क अजून लवकर संपली असती. मागे घेतो. पण चाळीस सर्व्हिसेसना आम्ही एकवीस जण आहोत, विचारलंत म्हणून सांगितलं.

भाडेकरू

उलट बाजू मांडतो. क्लाउडवाले बेसकॅम्प या ऑनलाइन सॉफ्टवेअरचं नाव ऐकलं की गप्प होतात. ते बनवणाऱ्या थर्टी-सेव्हन सिग्नल्सनं २०२२ मध्ये क्लाउडवर ३२ लाख डॉलर खर्च केले, मग सरळ स्वतःचे सर्व्हर विकत घेतले आणि २०२३ मध्ये अ‍ॅप्लिकेशन्स बाहेर काढली. ड्रॉपबॉक्सनंही स्वतःचं स्टोरेज उभं करून दोन वर्षांत साडेसात कोटी डॉलर वाचवले. भाड्याच्या घरात जन्म काढायचा नसेल तर कधीतरी वीट रचावीच लागते.

गव्हाणीवरचा

खरं आहे, आणि त्यांनी केलं ते योग्यच केलं. पण बघा, बेसकॅम्पचा लोड बारा महिने सारखा. त्यांचे सर्व्हर भाड्याच्या डेटासेंटरमध्ये, जिथे दोन-दोन विजेच्या लाइनी आणि थंड हवा विकत मिळते, चेअरमन साहेबांच्या खोलीत नव्हे. सर्व्हर सांभाळणारी माणसं त्यांच्या पगारावर आधीपासूनच होती. ड्रॉपबॉक्सचा तर धंदाच फायली साठवण्याचा.

काटापावतींचा लोड कसा आहे? बारा महिन्यांतले पाच. त्या पाचांत पंधरवड्यातले दोन-तीन दिवस. त्या दिवसातले तीन तास. लग्नाला मांडव लागतो म्हणून कुणी मंगल कार्यालय बांधत नाही.

आणि काटापावती, तुमची गर्दी *कधी* येणार हे तुम्हाला माहीत आहे, कारण ती तुम्हीच बोलावता! २०१९ च्या विश्वचषकात भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्याला हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख प्रेक्षक होते. त्यांच्या अभियंत्यानं जाहीर भाषणात सांगितलंय की ते नेहमीच्या ऑटोस्केलिंगच्या भरवशावर राहत नाहीत. मशीन उभी राहीपर्यंत गर्दी दाराशी आलेली असते. सामन्याआधीच वाढवून ठेवतात. आणि त्यांची खरी भीती बघणाऱ्यांची नव्हतीच. धोनी बाद झाला की लाखो लोक बॅक बटण दाबून एकदम पहिल्या पानावर येतात, ती भीती. तुमचंही पहिलं पानच आहे.

पण तुम्ही त्यांच्यापेक्षा सुखी आहात. सामना गटवार दाखवता येत नाही, एसएमएस गटवार सोडता येतो. २४ हजार एकदम कशाला? गट ऑफिसप्रमाणे (काही गावं मिळून कारखान्याचं एक ऑफिस असतं त्याप्रमाणे) दहा-दहा मिनिटांनी सोडा. यापेक्षा स्वस्त स्केलिंग जगात नाही. आणि मराठी मेसेज ७० अक्षरांत बसवा, नाहीतर एकाचे दोन मोजले जातात. कारखान्याचं नावच ५५ अक्षरांचं असतं, कल्पना आहे. "सहकारमहर्षी" गाळायला संचालक मंडळ तयार होणार नाही.

हिशेबनीस

आकड्यांपुरतं बोलतो. १९ लाख पाच वर्षांवर वाटले तर वर्षाला ३ लाख ८० हजार. दोन सर्व्हर आणि एसी मिळून सव्वा किलोवॉट धरा, वर्षाला साधारण ११ हजार युनिट, १० रुपये दरानं १ लाख १० हजार. वीज घरची असली तरी को-जनची वीज कारखाना एरवी विकतो, तेव्हा फुकट नाही. एएमसी (वार्षिक देखभाल करार) आणि दोन इंटरनेट लाइनी धरून दीड लाख. झाले ६ लाख ४० हजार, माणसाचा पगार सोडून. तुमचं आताचं क्लाउड बिल वर्षाला २२ लाख ८० हजार होतं, त्यापुढे हे सोनं वाटणारच. पण १ लाख ९० हजार तुम्ही जूनमध्येही भरता का? गाळप बंद असताना?

संगणकावर घसारा ४० टक्के मिळतो, हा पार्टनरचा मुद्दा असेल तर तो खरा आहे. त्याच्यासाठी सर्व्हर घेऊ नका मात्र.

काटापावती

हिशेबनीस साहेब, भरत होतो. जून, जुलै, ऑगस्ट, सगळे. मशीन लहान करायचं कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

दोन पंधरवडे गेले, म्हणून परत लिहायला आलो. स्लोक्वेरी ताई, सिलेक्ट स्टारच होतं. पैज जिंकलात. मागचे हंगाम आम्ही दर मे महिन्यात डंप (सगळ्या डेटाची एक फाइल) काढून पुसायचो, जागा हवी म्हणून. आता फोटो बाहेर काढले, डेटाबेस ६.२ जीबी भरला. इंडेक्स टाकला. पीजीबाउन्सर लावला, मागे ४० कनेक्शन. मग मशीन १६ कोअरवरून ८, आणि दुसऱ्या पंधरवड्याला धीर करून ४ कोअरवर आणलं. अ‍ॅप सर्व्हर परत तीन.

एसएमएस गटवार सोडले. एका गटाच्या लोकांनी फोन केला की शेजारच्या गावाला मेसेज आला, आमचं बिल अडवलं का. तेव्हा आता गटांचा क्रम दर वेळी बदलतो. सहा ते नऊ डेटाबेसचा सीपीयू २२ टक्क्यांच्या वर गेला नाही. या महिन्याचं बिल ४८ हजार येईल असं दिसतंय, आणि हंगाम संपला की २१-२२ हजारावर उतरवायचं कॅलेंडरमध्ये टाकलंय, दोघांच्याही.

काट्याचं काम अर्धवट आहे. दोन कारखान्यांत छोटं मशीन बसवलं, पंखा नसलेलं, बगॅसची गोष्ट वाचून. काट्याच्या इंडिकेटरची सीरिअल केबल थेट त्यात. पावती क्रमांकाचा सगळ्यात जास्त त्रास झाला. पूर्वी क्रमांक क्लाउड द्यायचा, आता नेट नसताना दोन काट्यांनी एकच क्रमांक दिला तर? शेवटी प्रत्येक काट्याला स्वतःचं अक्षर आणि स्वतःची मालिका दिली. दुसरी गंमत म्हणजे गाडी एका काट्यावर भरलेली आणि दुसऱ्यावर मोकळी होते, म्हणून दोन्ही मशीन नेटशिवायही एकमेकांशी आवारातल्या वायरनं बोलायला हवीत. हे चौथ्या दिवशी रात्री एकला कळलं.

गेल्या मंगळवारी एका कारखान्याचं फायबर गेलं. दादा, ट्रॉलीनंच, शपथ! तीन तास नेट नव्हतं. क्लार्कचा फोन आला तो वजन थांबलं म्हणून नाही, व्हॉट्सअ‍ॅप येत नाही म्हणून. मधल्या वेळात ८१ गाड्या झाल्या, नेट आल्यावर दोन मिनिटांत सगळ्या वर गेल्या.

चेअरमन साहेबांना काय सांगायचं ते उरलंय. खोली त्यांनी रंगवून ठेवलीय.

गव्हाणीवरचा

खोली घ्या की. काट्याचं जादा मशीन, प्रिंटर आणि जुन्या पावत्या ठेवायला जागा लागतेच. कितव्या मजल्यावर आहे?

आणि बॅकअप परत चढवून बघितलात का?

काटापावती

पहिल्या.

बॅकअप रविवारी चढवून बघितला. डेटाबेस १४ मिनिटांत उभा राहिला. २०२२-२३ च्या हंगामाचा जुना डंप मात्र उघडेना, फाइल अर्धीच कॉपी झालेली होती. त्याची दुसरी प्रत एका कारखान्याच्या ईडीपीत सापडली. लोखंडी कपाटात, खालच्या खणात.